चहाला नको म्हणणारा माणूस

दिवाळीला पुण्याहून भाची आली तेव्हा तिच्या बॅगेतून चार ड्रेस, दोन चार्जर आणि सहा मांजरी निघाल्या. मांजरी पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर होत्या. प्रत्येक मांजरीशेजारी एक कप, कपातून वाफ, मागे खिडकी आणि खिडकीबाहेर पाऊस नाहीतर बर्फ. मी म्हटलं, "ढोरांच्या डॉक्टरचा कोर्स करून राहिली का गं तू?"

"मावशी, ही कोझी पुस्तकं आहेत," ती म्हणाली. "चहा घेऊन वाचायची. यांच्यात फार काही होतच नाही."

फार काही होऊ नये म्हणून लोक पैसे मोजतात, हे मला त्या दिवशी कळलं. बालाघाटात ते फुकट मिळतं. १९८४ साली तुमसरहून लग्न होऊन मी इथे आले, तेव्हापासून कोपऱ्यावरच्या पानठेल्याचा रंग दोनदा बदलला, एवढंच आमच्या गल्लीचं कथानक. गावाच्या आयुष्यातली खरी मोठी घटना १ नोव्हेंबर १९५६ ची. त्या दिवसापर्यंत आमची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो आणि राजधानी भोपाळ झाली. आमच्यातलं कुणी जागचं हललं नाही, राजधानीच उठून गेली. म्हणजे मोठी घटना झाली तीसुद्धा अशी, की हातातला कप खाली ठेवायचं काम पडलं नाही.

भाचीच्या पुस्तकांत एक जपानी होतं. तोशिकाझू कावागुची नावाच्या लेखकाचं, २०१५ सालचं. टोकियोच्या एका कॅफेत ठरावीक खुर्चीवर बसलं की भूतकाळात जाता येतं, पण अट अशी की कपातली कॉफी गार व्हायच्या आत परत यायचं. नाही आलं तर भूत होऊन तिथेच बसायचं. मला ही कल्पना फार आवडली, फक्त ती बालाघाटात चालायची नाही. आमच्याकडे नवतप्यात, म्हणजे रोहिणी नक्षत्र लागल्यावरच्या त्या नऊ दिवसांत, पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो. तेव्हा कपातलं काही गार होत नाही. दुपारी चारला भूतकाळात गेलेला माणूस आरामात खापरपणजोबांना भेटेल, त्यांच्याकडे जेवेल, वामकुक्षी घेईल आणि परत येईल तेव्हा चहा गेला तेव्हापेक्षा थोडा जास्तच गरम असेल.

"आता तुझ्या कपाटातलं मराठी कोझी दाखव," भाची म्हणाली.

इथे माझी पंचाईत झाली. आमचं कपाट म्हणजे काही वाचनालय नाही, पण लग्नात आलेली पुस्तकं, गोंदियाच्या रद्दीवाल्याकडची पुस्तकं आणि नागपूरच्या नातेवाइकांकडून 'वाचून देतो' म्हणून आणलेली पुस्तकं असा साठा आहे. त्यातला तिसरा भाग सगळ्यात मोठा. मी एकेक पुस्तक काढून मनातल्या मनात त्याच्याशेजारी कप ठेवून बघू लागले.

'मृत्युंजय'. दोन प्रती, कारण लग्नात दोघांनी दिल्या. कर्णाचं रथाचं चाक जमिनीत रुतलेलं असताना आपण बिस्किट बुडवायचं म्हणजे कसंतरीच वाटतं. 'स्वामी'. माधवराव सत्तावीस वर्षांचे, क्षयानं खंगलेले, रमाबाई सती जायच्या तयारीत, आणि आपण आतल्या खोलीत ओरडणार की साखर कमी झाली? 'पानिपत'. तिथे तर तारीखच १४ जानेवारी, म्हणजे चहाच्या जोडीला तिळगूळ. 'श्यामची आई' घेतलं तर चहात मीठ आपोआप पडतं. तळाशी एक कादंबरी शेतकऱ्याच्या कर्जाची होती, एक दुष्काळाची आणि एक अशी, जिच्यात नायक पहिल्या पानापासून खिडकीतून बाहेर बघत जगण्याचा अर्थ शोधतो. ती मी दोनदा सुरू केली. चहा दोन्ही वेळा संपला, अर्थ सापडला नाही.

भाची म्हणाली, "मावशी, आपल्याकडे कुणी सुखात नाही का?"

मला वाटतं नाही. आणि हे आजचं नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात, ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची. नावावरून वाटतं, यमुनाबाई कुठेतरी हवापालटाला निघाल्या असतील, टांग्यात डबा असेल, डब्यात चिवडा असेल. उघडावं तर विधवांची दुःखं. तिथून तेहतीस वर्षांनी हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' नावाचं पत्र काढलं. करमणूक म्हटल्यावर वाचकांनी पाय पसरले असतील, तर त्यात 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः सुरू झालं आणि लोक वर्षानुवर्षं रडत बसले. त्या कादंबरीची नायिका कोण? पुन्हा यमुना! एका नावाच्या दोन मुली, दोन लेखक, आणि दोघींच्या वाट्याला एक सुखाचा चहा नाही.

चहा नाही म्हणण्यालाही कारण आहे. 'करमणूक' निघालं ते १८९० साल, आणि त्याच साली पुण्यात चहावरून काय रामायण झालं ते प्रसिद्ध आहे. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला मोठमोठी मंडळी जमली. व्याख्यान झालं, पाहुणचार म्हणून चहा-बिस्किटं पुढे आली. तिथे गोपाळराव जोशी होते, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, काडी लावण्यात वाकबगार. त्यांनी पिणाऱ्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. मिशनऱ्यांच्या घरचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आयोग बसला, आणि टिळक-रानड्यांसारख्यांच्या मागेसुद्धा प्रायश्चित्ताचं लचांड लागलं. म्हणजे त्या साली मराठी माणसाला कादंबरी मिळाली ती रडवणारी आणि चहा मिळाला तो बाटवणारा. दोन्ही हातांत एकदम घेऊन आरामखुर्चीत बसायची हिंमत कोण करणार?

आणि मुळात 'कादंबरी' हा शब्द तरी चहाच्या शेजारी बसवायचा आहे का? बाणभट्टाच्या नायिकेचं नाव कादंबरी, तिच्यावरून आपण अख्ख्या साहित्यप्रकाराचं नाव ठेवलं. हिंदीत 'उपन्यास' म्हणतात, त्यामुळे आमच्या गल्लीत 'मी कादंबरी वाचते' म्हटलं तर 'कुणाची मुलगी?' असं विचारतील. पण संस्कृतात कादंबरी या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, मद्य. कदंबाच्या फुलांचं. तेव्हा जी वस्तू नावानंच दारू आहे, तिच्याबरोबर आपण आलं घातलेला चहा पिऊ बघतो. त्यातून बाणभट्ट ती अर्धी सोडून वारला आणि शेवट त्याच्या मुलानं लिहिला. हे शेवटाचं लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

भाचीला मी हे सगळं सांगितलं नाही. तिनं फोनवर शोधून 'कोझी' ला मराठीत 'ऊबदार' शब्द काढून दिला आणि मी कपाळाला हात लावला. ऊब! अगं, आम्हाला ऊब कशाला पाहिजे? आमच्याकडे ती वर्षातले आठ महिने आकाशातून पडते. डिसेंबर-जानेवारीत खरी थंडी असते, सातपुड्याच्या जंगलावरून वारा येतो, तेव्हा दुलई घ्यावी, शेकोटी पेटवावी, हे कबूल. पण त्या दिवसांत दुलईत शिरून पुस्तक वाचायचं तर हात बाहेर काढावे लागतात. बाहेर काढलेले हात दहा मिनिटांत गारठतात. मग माणूस हात आत घेतो, पुस्तक नाकावर पडतं आणि झोप लागते. इंग्रजी कादंबरीत शेकोटीपाशी बसलेली बाई तीनशे पानं वाचते, तिला नक्की कोणते हात असतात?

ऊब ही थंडी असलेल्यांची चैन आहे, याचा पुरावा आमच्या नदीतून वाहतो. वैनगंगा सिवनीकडून येते आणि बालाघाटाला वळसा घालून पुढे भंडाऱ्याकडे जाते. जगभरातल्या पोरांना ती माहीत आहे ती किपलिंगच्या 'जंगल बुक' मुळे. मोगलीची नदी. ते पुस्तक १८९४ साली छापून आलं. ते त्यानं लिहिलं कुठे? वैनगंगेच्या काठी नाही, सिवनीच्या जंगलात नाही, अमेरिकेत व्हर्मांटच्या बर्फात. बाहेर हिमवर्षाव, आत विस्तव, आणि साहेब आमच्या उन्हाचं वर्णन करून राहिले आहेत! इथे मे महिन्यात बसून लिहिलं असतं तर शेरखान पहिल्याच प्रकरणात सावलीला जाऊन झोपला असता आणि मोगली शेतकऱ्याकडे वाढून जंगल खात्यात लागला असता.

मग एका पुस्तकानं मला मार्ग दाखवला. भाचीच्या पुस्तकांतलं ते एकटंच बिनमांजरीचं होतं. अलेक्झांडर मॅकॉल स्मिथचं, १९९८ चं. बोट्स्वाना देशात माम्मा रामोत्स्वे नावाची एक भरल्या अंगाची बाई बायकांची गुप्तहेर संस्था काढते. वडिलांनी ठेवलेली गुरं विकून. देश कसा? रखरखीत. ऊन, धूळ, काटेरी झाडं, गुरं. मला वाटलं, ही तर लांजीकडची बाई. आणि तिचं भांडवल काय, तर एक जुनी गाडी, दोन टेबलं, दोन खुर्च्या, एक टाइपरायटर आणि एक चहाची किटली. लाल चहा पिते, बिनदुधाचा, तिकडच्या कुठल्याशा झुडपाचा. कुणाचा नवरा पळाला, कुणाचा बाप खोटा निघाला, की ही आधी चहा ठेवते, झाडाखाली बसते आणि विचार करते. खून-बीन फारसे नाहीत. घाई तर नाहीच.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ऊब हा शब्दच चुकीच्या गावचा आहे. आपल्याकडचा शब्द सावली. दुपारी दीडला वाळ्याची टट्टी लावलेला कूलर घरघरतो आहे, फरशी पुसून घेतली आहे, खिडकीला जुनी साडी लावली आहे आणि त्या हिरवट अंधारात पालथं पडून आपण वाचतो आहोत. पान उलटायची गरज नाही, कूलरच उलटतो, कधी दोन-दोन. आणि चारला उठून चहा, कारण कितीही उकडलं तरी चारचा चहा चुकवणारा माणूस अजून आमच्या जिल्ह्यात जन्माला यायचा आहे. ज्या पुस्तकात सावली आहे ते आपलं. मग त्यात मेलं कुणी तरी चालेल.

मेलेल्यांवरून अगाथा ख्रिस्ती आठवली. तिची मिस मार्पल १९३० साली पहिल्यांदा अख्ख्या कादंबरीत आली. म्हातारी, लग्न न झालेली, विणकाम करणारी. सेंट मेरी मीड नावाच्या एवढ्याशा खेड्यात राहते. त्या खेड्यात आणि आसपास इतके खून होतात की लोकसंख्या टिकते कशी याचा तपास आधी व्हायला हवा. तरी सगळं कसं शांत. प्रेत ग्रंथालयात पडलेलं आहे आणि मोलकरीण विचारते, चहा इथे आणू का बागेत? आमच्याकडे मराठीत ख्रिस्ती आणली ती मधुकर तोरडमलांनी, तेच, 'तरुण तुर्क म्हातारे अर्क' मधले प्राध्यापक बारटक्के. त्यामुळे मी ते अनुवाद वाचताना पोलीस इन्स्पेक्टर प्रत्येक वाक्यात 'ह हा हि ही' करतो की काय असं मला वाटत राहतं.

पण मिस मार्पल बालाघाटात उपाशी मरेल. तिची पद्धत अशी की कुणीही संशयित दिसला की तिला गावातला दुसरा कुणीतरी आठवतो, आणि त्या आठवणीवरून ती गुन्हेगार पकडते. आमच्या शेजारच्या काकू हे रोज करतात, तेही विणकाम न करता. "तो नवा भाडेकरू आहे नं, तो तर वारासिवनीच्या त्या कपडेवाल्यासारखा बोलून राहिला. सांभाळून राहा." महिनाभरात तो भाडं बुडवून जातो. अनोळखी माणूस गल्लीत आला की त्याला पहिला प्रश्न, "कुठले तुम्ही?" दुसरा, "गोंदियाला कोण?" तिसरा, "मामांचं आडनाव?" मग चहा. कपाच्या तळाशी येईपर्यंत त्यानं गुन्हा केला असेल तर कबूल केलेला असतो, नसेल केला तर त्याच्यासाठी मुलगी पाहिलेली असते. तीनशे पानांचं रहस्य काकू अर्ध्या कपात संपवतात. प्रकाशकांना हे परवडणार नाही.

आणखी एक. त्या सगळ्या पुस्तकांत चहा येतो. नुसता येतो. कुणी ठेवत नाही, कुणी गाळत नाही, पातेलं कुणी घासत नाही. 'तिनं चहाचा घोट घेतला' असं लेखक बिनधास्त लिहितो. मी चाळीस वर्षं वाचते आहे आणि चाळीस वर्षं चहा करते आहे, तर मला एवढं कळलं की ही दोन कामं करणारी बाई एकच असेल तर त्यातलं एक नासतं. दूध उतू जायचा आणि खुनी सापडायचा क्षण एकच असतो. बाहेरून 'अगं, जळकं काय येऊन राहिलं?' असा आवाज आला की समजावं, शेवटचं प्रकरण सुरू आहे. एकदा रहस्य उलगडण्याच्या भरात चिन्नोरचा भात लागला. तोच चिन्नोर, ज्याला पुढे २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा वास तेव्हाही गल्लीभर जायचा. त्या दिवशी जळल्याचा गेला. अख्ख्या गल्लीला कळलं की मास्तरीणबाई पुस्तक वाचून राहिल्या आहेत.

मास्तरीण मी हिंदी शाळेत. इथे मराठी घरांचं असंच असतं. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी, शेजारी पोवारी, आणि बाजारात तिन्हींची भेळ. घरातला चहा तो असतो, चौकातली चाय ती असते. हे सकाळी घरी 'चहा प्यायलो' म्हणतात आणि दहा मिनिटांनी चौकात 'चाय पी ली' म्हणून दुसरी घेतात. डॉक्टरनं एकच कप सांगितला आहे, तर यांचं म्हणणं, एक तो आणि एक ती, हिशोब बरोबर.

पुस्तकांचंही तसंच. यांची पुस्तकं हिंदी, गोंदिया स्टेशनवरची, सुरेंद्र मोहन पाठक आणि मंडळी. माझी मराठी. तेव्हा गोंदियाहून बालाघाटला छोटी लाइन होती, अडीच फुटांची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. गाडी अशी चालायची की उतरून बोरं वेचावीत आणि पुन्हा चढावं. अंतर मोजायचं माझं माप म्हणजे बाबूराव अर्नाळकर. हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसानं, सगळ्या हलक्या, पातळ, एका बैठकीच्या. गोंदिया ते बालाघाट एक अर्नाळकर. नैनपूरपर्यंत जायचं तर दोन न्यायचे. आता मोठी लाइन झाली. गाडी इतक्या लवकर पोचते की अर्नाळकरांचा झुंजार संकटात सापडतो आणि आपलं स्टेशन येतं, त्याला तसाच सोडून उतरावं लागतं.

सासूबाईंना अर्नाळकर फार प्रिय. पुढे त्यांना मोतीबिंदू झाला, तेव्हा चारच्या चहाला वाचून दाखवायचं काम माझ्या मुलीकडे आलं. ती सातवीत, हिंदी माध्यमात. अक्षरं तीच, त्यामुळे भराभर वाचायची, पण 'ळ' म्हटला की तिची गाडी रुळावरून उतरायची आणि 'ल' च्या रुळावर जायची. 'काळापहाड' चा 'कालापहाड' झाला इथवर ठीक. पण एके दिवशी तिनं वाचलं, "अखेर गुप्तहेराला संशयाचं मूल सापडलं." सासूबाईंचा कप तोंडाशीच थांबला. "बाप्पा! कुणाचं म्हणे ते?" पुढच्या पानावर गुप्तहेर म्हणाला, "मूल खणून काढलं पाहिजे." सासूबाईंनी कप खाली ठेवला. "काय दुष्ट लोक आहेत वं! पोलीस कुठं आहेत?"

सगळा गोंधळ निस्तरायला मला स्वयंपाकघरातून यावं लागायचं. "आई, मूल नाही, मूळ. मूळ!" तेवढ्यात मुलगी पुढे गेलेली असायची. "त्याच्या डोक्यात कल आली", "मी तुला वेल देतो", "तिनं त्याच्या गल्यात हार घातला". सासूबाईंना शेवटी त्याचीच गोडी लागली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दिसू लागलं, तरी म्हणायच्या, "पोरीलेच वाचू दे. तिच्यात जास्त घडते." 'बटाट्याची चाळ' तिनं 'बटाट्याची चाल' म्हणून सुरू केली, तेव्हा सासूबाई दोन दिवस विचारत होत्या की बटाटा चालला तरी कुठे.

आता ते शेवटाचं. आमच्या घरातली सगळ्यात जास्त वाचलेली कादंबरी कुठली, ते मला सांगता येत नाही, कारण तिला मुखपृष्ठ नाही. गोंदियाच्या रद्दीतून आली तेव्हाच नव्हतं. शेवटची पानंही नाहीत. बाहेरून पुठ्ठा लावून मी शिवून घेतली. एका वाड्यात म्हातारा जहागीरदार मरतो, पावसामुळे नदीला पूर आलेला, कुणी बाहेर जाऊ शकत नाही, आणि आत सात माणसं. गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो, नोकर चहाचा ट्रे फिरवतो, गुप्तहेर म्हणतो, "खुनी याच खोलीत आहे", आणि पुस्तक संपतं. पुढचं कुणाच्या चण्याफुटाण्यांच्या पुडीत गेलं देव जाणे.

हे पुस्तक आमच्या गल्लीत तीस वर्षं फिरलं. ज्या घरी गेलं त्या घराची बशी त्याच्या पुठ्ठ्यावर उमटली. एकावर एक गोल, ऑलिंपिकच्या चिन्हासारखे. आणि आतल्या कोऱ्या पुठ्ठ्यावर प्रत्येकीनं पेन्सिलनं आपापला खुनी लिहिला. एका काकूंनी लिहिलं, धाकटा भाऊ, इस्टेटीसाठी. कारण त्यांच्या घरी तेव्हा वाटणी चालू होती. दुसरीनं, सून. ही स्वतः सासू. तिच्याच सुनेनं खाली लिहिलं, सासू, आणि कादंबरीत सासू नावाचं पात्रच नाही. पोवारांकडच्या वहिनींनी लिहिलं, वकील, आणि कारण लिहायची गरज नाही असंही लिहिलं. माझ्या मुलीनं आठवीत लिहिलं, "मूळ संशय नोकरावर", आणि 'मूळ' शब्दाखाली दोनदा रेघ ओढली, की बघा, आता येतं.

सासूबाईंनी मला लिहायला सांगितलं, डॉक्टर.

"काऊन?" मी विचारलं. डॉक्टर बिचारा भला माणूस. जहागीरदाराला औषधं देणारा, पुरातून पोहत आलेला.

"ट्रे फिरला तवा सगळ्यांनी चहा घेतला," सासूबाई म्हणाल्या. "यानं नाही घेतला. म्हणे, मला नको. पुरातून पोहून आलेला माणूस, ओला चिंब, अन् चहाले नको म्हणते? त्याच्या मनात काहीतरी आहे."

मी तो परिच्छेद काढून पाहिला. खरंच होतं तसं. 'डॉक्टरांनी मान हलवून नकार दिला', एका ओळीत. लेखकानं ते मुद्दाम लिहिलं होतं की उगीच, कोण जाणे. १८९० साली पुण्यात चहा पिणारा दोषी ठरला होता, शंभर वर्षांनी आमच्या गल्लीत न पिणारा. मी लिहून टाकलं. सासूबाईंना जाऊन आता बारा वर्षं होतील. अजून कुणी चहाला 'नको' म्हटलं की मला आधी तो ओला डॉक्टर दिसतो.

तर मी मांजरी बाजूला सारून भाचीच्या हातात हे बिननावाचं पुस्तक दिलं. "हे घे आमचं कोझी. शेवट नाही, त्यामुळे संपत नाही."

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती जी बसली ती चारपर्यंत उठली नाही. मी चहा टाकला. आलं, गवती चहा, साखर नेहमीपेक्षा जास्त, कारण दिवाळी. फराळाचं ताट काढलं. तिनं शेवटचं पान उलटलं, पुढे पान नाही हे पाहून 'अरे!' म्हणाली, मग पुठ्ठ्यावरची नावं वाचत गेली. डॉक्टरपाशी थांबली. "हे कुणी लिहिलं?" मी कारणासकट सांगितलं. तिनं मागची पानं चाळून ती ओळ शोधून काढली, दोनदा वाचली आणि पेन्सिल मागितली.

एवढ्यात हे चौकातून आले. चप्पल काढली, खुर्चीत बसले. मी कप पुढे केला.

"मला नको आज," हे म्हणाले आणि कप परत सारला.

भाचीनं पुस्तकातून मान वर केली. मी तिच्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघींनी यांच्याकडे.

"काऊन?" मी विचारलं. "कुठून येऊन राहिले तुम्ही?"